साखळी आणि लिंक : बीड जिल्ह्यातून पाहिलेला कमिशनचा इतिहास

बीड जिल्ह्यात 'कमिशन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोंढ्यातला अडत्या, ऊसतोडीचा मुकादम, विम्याचा एजंट, पतसंस्थेचा पिग्मी एजंट आणि गेली पंचवीसएक वर्षे साबण-पावडरीची साखळी चालवणारा 'लीडर' ही सगळी माणसे दुसऱ्याचा व्यवहार जुळवून देतात आणि त्यातला हिस्सा घेतात. गेल्या दहा वर्षांत या यादीत एका नव्या माणसाची भर पडली आहे. तो मोबाइलवर लिंक टाकतो. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की त्याच्या खात्यात पैसे येतात. या पद्धतीला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात.

आता हे दोन शेवटचे गडी एकमेकांत मिसळू लागले आहेत. नेटवर्क मार्केटिंगच्या वस्तू पाव्हण्यारावळ्यांना गळ घालून विकण्याऐवजी इंटरनेटवर अनोळखी माणसाला विकाव्यात, त्यासाठी अ‍ॅफिलिएटची तंत्रे वापरावीत, असे शिकवणारे व्हिडिओ मराठीतही भरपूर आहेत. साखळीतला जुना दोष यामुळे जातो, असा त्यांचा दावा असतो. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि माझे बरेच विद्यार्थी या वाटेने गेले आहेत. म्हणून हा दावा इतिहासाच्या उजेडात तपासावा असे वाटले. तपासताना एकच प्रश्न मी हाताशी ठेवला आहे: कमिशन घेणाऱ्याने त्या बदल्यात कुणाची आणि किती जबाबदारी उचलली?

मुकादमाचा हिशेब

सुरुवात मुकादमापासूनच करायला हवी, कारण या जिल्ह्याची कमिशनची समज त्याच्यापासून घडली. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखाना या कोयत्याशी थेट करार करत नाही. करार होतो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. मुकादम आगाऊ रक्कम घेतो, ती 'उचल' म्हणून कोयत्यांना वाटतो, टोळी बांधतो आणि हंगामभर सांभाळतो. मजुरांनी तोडलेल्या उसाची जी मजुरी होते तिच्यावर ठरावीक टक्के कमिशन त्याला मिळते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला त्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि मुकादमाच्या कमिशनमध्ये एका टक्क्याची भर पडली. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून ऊसतोडीच्या संपांत या दोन मागण्या बरोबरीने येत राहिल्या आहेत. मजूर आणि त्याच्यावर कमिशन घेणारा मुकादम एकाच संघटनेत, एकाच मोर्चात. बाहेरच्या अभ्यासकाला हे कोडे वाटते, इथल्या माणसाला वाटत नाही.

मुकादमाच्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. उचलीच्या कर्जात पिढ्या अडकल्या, हे या जिल्ह्याचे दुखणे आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवायला हवी. उचल घेतलेला कोयता पळाला, तर ते पैसे मुकादमाच्या अंगावर पडतात. वडवणी तालुक्यातल्या एका जुन्या मुकादमाने मला सांगितले, ''सर, कमिशन दिसतं लोकांना. पळालेल्या कोयत्यापायी जमीन इकली ते दिसत न्हाई.'' म्हणजे इथे कमिशन हा मध्यस्थीचा मोबदला तर होताच, शिवाय अंगावर घेतलेल्या जोखमीचाही होता. ती जोखीम वर कारखान्याच्या बाजूने होती आणि खाली मजुरावर जाचाच्या रूपाने उतरत होती, हे खरे. तरीही व्यवहार फसला तर कुणाचे दार ठोठवायचे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

दारात येणारा एजंट

दुसरी शाळा एजंटची. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याचा एजंट तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. त्याच्या कमिशनची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या वर्षी मोठा हिस्सा आणि पुढे विमेदार हप्ते भरत राहील तोवर दरवर्षी थोडा थोडा. पॉलिसी बंद पडली की एजंटचे उत्पन्नही बंद. त्यामुळे गिऱ्हाइकाला टिकवण्यात त्याचा स्वार्थ होता. आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देऊन त्याला ओढणे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार बेकायदा आहे, आणि पहिला हप्ता एजंटने आपल्या खिशातून भरण्याची चालही गावोगाव चालत आली आहे.

१९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा करणाऱ्या बायका आल्या. त्यांना जमा रकमेवर चार टक्के कमिशन मिळे. मराठवाड्यातल्या कितीतरी मध्यमवर्गीय गृहिणींची ही पहिली स्वतःची कमाई. त्याच धाटणीचा पिग्मी एजंट. रोज दुकानादुकानातून थोडे थोडे पैसे गोळा करण्याची ही पद्धत १९२८ साली सिंडिकेट बँकेने किनारी कर्नाटकात सुरू केली आणि ती आपल्या पतसंस्थांनी उचलली. बीडच्या बाजारपेठेत पानटपरीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना पिग्मीवाला माहीत असतो.

या तिघांत एक साम्य आहे. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, आणि कमिशनची पायरी एकच असते. एजंटने दुसरा एजंट आणला म्हणून त्याच्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या हिस्सा मिळत नाही. विम्यात तर हे पुढे कायद्यानेच पक्के केले गेले. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम ४२ 'अ' आले आणि बहुस्तरीय पद्धतीने विमा विकण्यास स्पष्ट मनाई झाली.

ओळखीवर चालणाऱ्या या व्यवहाराची दुसरी बाजूही बीडने पाहिली. २०२३ च्या अखेरीस ज्ञानराधा मल्टिस्टेट ही बीडची मोठी पतसंस्था अडचणीत आली, २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, ठेवीदार रस्त्यावर आले. अशा वेळी संचालक दूर असतो आणि ठेव गोळा करणारा एजंट गल्लीतच राहतो. कायद्याने त्याची जबाबदारी काही असो वा नसो, लोक त्याच्याच दारात जातात. ओळख हे कमिशनचे भांडवल असते आणि तेच त्याचे तारणही असते.

साखळी कुठून आली

साखळीची पद्धत अमेरिकेतली. घरोघर फिरून सौंदर्यप्रसाधने विकणारी कंपनी डेव्हिड मकॉनेल यांनी १८८६ मध्ये काढली, तीच पुढे एव्हॉन झाली. टपरवेअरने १९५१ मध्ये दुकानांतून माल काढून घेतला आणि तो फक्त घरगुती बैठकांतून विकायला सुरुवात केली. पण हे सगळे साधे कमिशन होते. पायऱ्यांचे कमिशन आले १९४५ मध्ये, न्यूट्रीलाइट या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या विक्रीतून. मिटिंगर आणि कॅसलबेरी या दोन विक्रेत्यांनी अशी योजना आखली की, विक्रेत्याने दुसरा विक्रेता तयार केला तर त्याच्या विक्रीवरही हिस्सा मिळेल. याच गोळ्या विकणाऱ्या रिच डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी १९५९ मध्ये अ‍ॅमवे काढली.

विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यातली रेघ इथे पुसट झाली. साखळीतला प्रत्येक जण माल घेतो, पण त्यातला कितीसा माल साखळीबाहेरच्या माणसापर्यंत जातो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये अ‍ॅमवेच्या खटल्यात हाच प्रश्न धरला. कंपनी 'पिरॅमिड' नाही असा निर्णय झाला, कारण तिचे नियम असे होते: नुसता माणूस आणल्याचे पैसे नाहीत, न खपलेला माल परत घ्यायचा, आणि नवा माल मागवण्याआधी जुन्यातला किमान ७० टक्के खपलेला हवा, शिवाय दर महिन्याला दहा किरकोळ गिऱ्हाइके दाखवायची. कमाईचे फुगवलेले दावे मात्र त्याच निर्णयात चुकीचे ठरले. पुढे जगभर या धंद्याचा न्यायनिवाडा याच कसोटीच्या आसपास फिरत राहिला.

भारतात कायदा आधी आला आणि कंपन्या नंतर. जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर १९७८ मध्ये प्राइझ चिट्स आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. नव्या सभासदांच्या भरतीवर अवलंबून असलेला झटपट पैसा हे त्याचे लक्ष्य होते. साबण विकणारी साखळी त्या वेळी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. उदारीकरणानंतर मोदीकेअर, टपरवेअर, ओरिफ्लेम, एव्हॉन आल्या. अ‍ॅमवेने मे १९९८ मध्ये इथे विक्री सुरू केली. मग जुना कायदा या नव्या धंद्याला लागू होतो का, हा वाद उभा राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये अ‍ॅमवेविरुद्ध मत दिले. केरळ पोलिसांनी २०१३ मध्ये आणि आंध्र पोलिसांनी २०१४ मध्ये कंपनीच्या भारतातील प्रमुखांना अटक केली. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीच्या ७५७ कोटी ७७ लाख रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. दुसऱ्या बाजूला हा धंदा वैध चौकटीत आणण्याची धडपडही त्याच काळात सुरू होती, तिच्याकडे पुढे येतो.

बीडचे गणित

मराठवाड्यात साखळी रुजली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या दशकात. तिचे पहिले वाहक शिक्षक, ग्रामसेवक, कंपाउंडर, विम्याचे एजंट, म्हणजे गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसे. सरकारी नोकराला खासगी धंद्याची मनाई, म्हणून आयडी बायकोच्या नावाने लावला जाई. वहीत शंभर ओळखीच्या माणसांची नावे लिहायची, एकेकाला घरी किंवा मंगल कार्यालयात बोलवायचे, फळ्यावर गोल काढून 'प्लॅन दाखवायचा'. फळ्यावरचे गणित बहुधा सहाचे असे: तू सहा आण, ते प्रत्येकी सहा आणतील.

हे गणित मी वर्गात मुलांना शेवटपर्यंत करायला लावतो. सहा, छत्तीस, दोनशे सोळा असे करत आठव्या पायरीपर्यंत सगळ्यांची बेरीज २०,१५,५३८ होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्यात तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही आले. नववी पायरी भरायला एकट्या त्या पायरीसाठी १ कोटी ७७ हजार ६९६ माणसे लागतात. अर्थात प्रत्यक्षात कुठलीही साखळी एवढी लांब जात नाही, ती तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच थकते. पण फळ्यावर दाखवलेली कमाई मात्र खालच्या पायऱ्या भरल्या असे धरूनच काढलेली असते.

आणि सहा माणसे येतात कुठून? अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात गाव, जात, सोयरीक आणि नोकरीतली ओळख एवढेच त्यांचे साठे. ते संपले की साखळी थांबते, शिवाय नात्यात वस्तूची किंमत शिल्लक राहते. मेहुण्याने घेतलेला प्रोटीन पावडरचा महागडा डबा फडताळात पडून असतो आणि लग्नकार्यात दोघे एकमेकांना टाळतात. मुकादमाला पळालेल्या कोयत्याची भरपाई द्यावी लागे. साखळीत खालचा माणूस बुडाला तर वरचा काही देत नाही. उलट त्या बुडीत खरेदीवरचा आपला हिस्सा त्याने आधीच घेतलेला असतो. जबाबदारीची दिशा इथे प्रथमच उलटी झाली.

लिंकचा जन्म

अ‍ॅफिलिएट पद्धतीचा जन्म वेगळ्या घरात झाला. विल्यम टोबिन यांनी १९८९ मध्ये प्रॉडिजी या संगणकसेवेवर फुले आणि भेटवस्तू विकण्याचा धंदा थाटला आणि विक्रीत प्रॉडिजीला हिस्सा दिला. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी 'कुकी' तयार केली. संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ही बारीकशी नोंद, त्यामुळे हे गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आले ते कळू लागले. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने असोसिएट्स योजना सुरू केली: तुम्ही आपल्या पानावर पुस्तकाबद्दल लिहा, लिंक द्या, कुणी तिथून खरेदी केली तर टक्केवारी घ्या.

साखळीशी याची तुलना केली की फरक स्पष्ट होतो. यात सामील व्हायला पैसे लागत नाहीत. माल विकत घ्यावा लागत नाही, साठवावा लागत नाही. पायरी एकच, माणूस आणण्याचे बक्षीस नाही. आणि गिऱ्हाईक अनोळखी. तो लिंकवर येतो कारण त्याला काहीतरी हवे होते आणि तो शोधत होता. या पद्धतीचा सगळा कस त्या 'शोधात' आहे: लोक काय विचारतात ते ओळखायचे, त्याचे उपयोगी उत्तर लिहायचे किंवा दाखवायचे, दोन वस्तूंची तुलना करायची आणि खरेदीची वाट लिंकने दाखवायची. हे कौशल्य मोंढ्यातल्या अडत्याच्या जवळचे आहे. अडत्या घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला एकत्र आणतो, स्वतः कापूस विकत घेत नाही.

बीडमध्ये हे यायला बराच वेळ लागला, पण आले तेव्हा झपाट्याने आले. अ‍ॅमेझॉनने भारतात जून २०१३ मध्ये दुकान उघडले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली होती, पण बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे बीडच्या तरुणाच्या हातात जगाचा बाजार रेल्वेच्या नऊ वर्षे आधी आला. दुष्काळ, घटलेली शेती, पोलीस भरतीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षे अशा पोकळीत तो बाजार शिरला.

मधला एक टप्पाही विसरू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने साड्या-ड्रेसची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून, वर आपला नफा लावून विकण्याची सोय दिली. बायका मोठ्या संख्येने त्यात उतरल्या. इथे ओळख साखळीसारखी होती पण पायऱ्या नव्हत्या, आणि माल परत करता येत होता. ओळखीवर चालणारी विक्री आणि लिंकवर चालणारी विक्री यांच्यातला हा पूल.

साखळीने लिंक उचलली

साखळीवाल्यांना इंटरनेटचे आकर्षण जुनेच. अ‍ॅमवेच्या मालकांनी सप्टेंबर १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत 'क्विक्स्टार' नावाचे ऑनलाइन दुकान काढले. माल संगणकावरून मागवायचा, पण सभासदत्व आणि कमिशन साखळीचे. पुढे काही वर्षांनी तो धंदा पुन्हा अ‍ॅमवे या नावाकडेच वळला. म्हणजे मागणी नोंदवण्याची पद्धत बदलली तरी गिऱ्हाईक मिळवण्याची पद्धत आपोआप बदलत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्राने महाग मोजून घेतला. २०१० ते २०११ या काळात 'स्पीक एशिया' या सिंगापूरस्थित कंपनीने ११,००० रुपये भरून घेतले, घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणे भरण्याचे पैसे देऊ केले आणि सभासद आणणाऱ्याला वेगळे. लाखो लोकांनी पैसे भरले, मग बँक खाती गोठली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. इथे माल नावालाही उरला नव्हता. इंटरनेटने साखळीला अनोळखी माणसे दिली, पण ती गिऱ्हाइके म्हणून दिली नाहीत, नवी कडी म्हणून दिली. साखळी ऑनलाइन गेली की तिचा दोष जातो, असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण आठवावे.

आता आजचे चित्र. जाणकार विक्रेता वहीत शंभर नावे लिहीत नाही. तो त्वचेची काळजी, मधुमेहींचा आहार, जनावरांचे पूरक खाद्य, पिकांवरची फवारणी अशा विषयांवर व्हिडिओ करतो. नेटवर्क कंपन्यांनी शेतीपयोगी औषधेही आणली असल्याने खेड्यात हा शेवटचा विषय जोरात चालतो. व्हिडिओखाली लिंक असते. कंपनीच्या दुकानाकडे नेणाऱ्या त्या लिंकमध्ये त्याचा आयडी गुंफलेला असतो. खरेदी झाली की विक्री त्याच्या नावावर चढते. केज तालुक्यातला असा एक तरुण मला म्हणाला, ''साखळीत पाव्हणेच गिऱ्हाईक होते सर. पाव्हणे संपले की धंदा संपला. आता कोल्हापूरचा माणूस घेतो, नागपूरचा घेतो. मी त्याला वळखत बी नाही.'' त्याच्या बोलण्यातले समाधान खरे होते. सोयऱ्यांच्या घरी तो आता निर्धास्त जातो.

१९७९ च्या कसोटीवर हा माणूस बापाच्या पिढीतल्या लीडरपेक्षा सरस ठरतो. त्याचा माल साखळीबाहेरचा माणूस, वापरण्यासाठी, विकत घेतो. अ‍ॅफिलिएटचे तंत्र साखळीवर लावल्याने होणारा खरा लाभ हाच.

पण त्याच संभाषणात दुसरी गोष्टही निघाली. व्हिडिओखाली दोन लिंका होत्या. एक वस्तूची, दुसरी 'आमच्या टीममध्ये या' म्हणून. पैसा कुठल्या लिंकचा जास्त, असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, ''दुसरीचा.'' एका वाक्यात सगळी मेख आली. अ‍ॅफिलिएटचे तंत्र हे नुसते वाहन आहे. त्यातून माल नेला तर ती किरकोळ विक्री होते आणि माणसे नेली तर तीच जुनी साखळी होते, फक्त आता तिला गावाची वेस आडवी येत नाही. सहाचे गणित बीडमध्ये आठव्या पायरीला संपत असे. इंटरनेटवर ते कोल्हापूर-नागपूरची माणसे वापरून आणखी थोडे लांबते, संपत मात्र तिथेही असतेच.

जबाबदारीचे काय? पाव्हण्याला विकलेल्या डब्याची लाज तरी होती. नागपूरच्या अनोळखी माणसाने मधुमेहाची गोळी बंद करून आपल्या व्हिडिओतली पावडर सुरू केली, तर या तरुणाला ते कधी कळणारही नाही. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स योजनेत कुकी साधारणतः चोवीस तास चालते. त्यानंतर हिशेबापुरते ते नाते संपते. ओळख गेली तेव्हा गळ घालणे गेले, आणि तिच्याबरोबर तारणही गेले.

कायदा कुठे उभा आहे

कायद्याला हा मेळ बराच काळ उमगला नव्हता. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१६ मध्ये थेट विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विक्रेत्याने ई-कॉमर्स संकेतस्थळावर माल विकू नये, असे होते. त्यांच्या आधारे अ‍ॅमवे, मोदीकेअर आणि ओरिफ्लेम या कंपन्या अ‍ॅमेझॉन आणि इतर संकेतस्थळांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा माल तिथे स्वस्तात मिळत होता आणि साखळीतल्या विक्रेत्याकडून कुणी घेईना. ८ जुलै २०१९ रोजी एकल न्यायाधीशांनी कंपन्यांच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. ३१ जानेवारी २०२० रोजी खंडपीठाने ती रद्द केली: सूचना म्हणजे कायदा नव्हे. या खटल्यात मला रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. माल उघड्या बाजारात आला आणि किंमत घसरली, याचा अर्थ साखळीतल्या किमतीत मालाच्या जोडीने पायऱ्यापायऱ्यांचे कमिशनही होते. तुलना करणारे गिऱ्हाईक मिळताच ते उघडे पडले. अ‍ॅफिलिएट पद्धत तर तुलनेवरच जगते. म्हणून साखळीचा माल लिंकवरून विकणाऱ्याला एके दिवशी या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते: हाच डबा शेजारच्या खिडकीत स्वस्त का?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने थेट विक्रीची व्याख्या केली आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी तिचे नियम आले. पिरॅमिड आणि पैसा फिरवण्याच्या योजनांना मनाई, प्रवेश शुल्क घ्यायचे नाही, विक्रेत्याकडे ओळखपत्र हवे, गिऱ्हाइकाच्या तक्रारीची यंत्रणा कंपनीने उभारायची, आणि ऑनलाइन विक्री केल्यास ई-कॉमर्सचे नियमही पाळायचे. या धंद्यावर देखरेखीची व्यवस्था करण्याचे काम राज्य सरकारांवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली: शिफारशीमागे आपला आर्थिक लाभ असेल तर ते ठळकपणे, साध्या भाषेत सांगा. मी पाहिलेल्या मराठी व्हिडिओंत असे सांगणारे फार थोडे होते.

या नियमांचा एकत्रित अर्थ लावला तर कायदा तेच मागतो आहे जे मुकादमाच्या, विमा एजंटच्या व्यवहारात या ना त्या रूपाने होते: कमिशन घ्या, पण आपण कोण ते सांगा आणि व्यवहार फसला तर कुणाकडे यायचे ते दाखवा. फरक एवढाच की पूर्वी हे गावची ओळख करत असे, आता ते लिहून, उघड करून, कंपनीवर बंधन घालून करावे लागते.

माझ्याकडे विद्यार्थी असल्या कामाबद्दल विचारायला येतात तेव्हा मी त्यांना धंद्याला नाही म्हणत नाही. नोकऱ्या किती आहेत ते मलाही दिसते. मी त्यांना आपल्याच खात्याचा तीन महिन्यांचा हिशेब दोन रकान्यांत मांडायला सांगतो. डावीकडे वस्तू वापरणाऱ्या, साखळीत नसलेल्या माणसांकडून आलेला पैसा. उजवीकडे साखळीत आणलेल्या माणसांच्या खरेदीतून आलेला. आणि प्रत्येक व्हिडिओखाली आपले नाव, आपल्याला यातून कमिशन मिळते हे वाक्य आणि माल परत करण्याचा पत्ता आहे का, ते तपासायला सांगतो. डावा रकाना भरलेला आणि पत्ता लिहिलेला असेल तर तो मुलगा व्यापारी आहे, त्याने लिंक वापरली की सायकलवर फिरून विकले याला महत्त्व नाही. उजवा रकाना भरलेला असेल तर तो मंगल कार्यालयातल्या फळ्यासमोरच उभा आहे, फळा तेवढा आता मोबाइलमध्ये आला आहे.